हजारो हातांच्या कोडला एक वळण कसं लागतं

लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते. प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून जास्त बदल असतात आणि ते करणारे लोक दोन हजारांच्या आसपास. कुणी चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला, कुणी विद्यार्थी, कुणी रात्री घरचं सगळं आवरल्यावर हौसेनं बसणारा. बरेचसे एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. तरी कर्नलच्या दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या फाइल उघडून शेजारी शेजारी ठेवल्या, तर बहुतेक वेळा दोन्हींचं अक्षर एकाच हातचं वाटतं. हे आपोआप होत नाही. त्यामागे नियम आहेत, नियम तपासणारी साधनं आहेत आणि ती साधनं कुठे थांबवायची याचा विचारही आहे. मोठ्या प्रकल्पात हे कसं जमवतात आणि कशासाठी, ते इथे सांगतो.

कोडची शैली, म्हणजे कोडिंग स्टाइल, यात काय काय येतं? ओळ समासापासून किती आत सुरू करायची, म्हणजे इंडेंटेशन. आत सरकवायला टॅब वापरायचा की स्पेस. महिरपी कंस त्याच ओळीवर उघडायचा की खालच्या. ओळ किती लांब होऊ द्यायची. व्हेरिएबलला (माहिती साठवायच्या जागेला) आणि फंक्शनला (एक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला) नाव कसं द्यायचं. कमेंट, म्हणजे माणसासाठीची टीप, कुठे लिहायची आणि तिच्यात काय सांगायचं. सी भाषेच्या कंपायलरला, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, यातल्या बहुतेक गोष्टींशी काही देणंघेणं नसतं. अख्खं फंक्शन एका ओळीत कोंबलं तरी तो मुकाट्यानं स्वीकारतो. म्हणजे ही सगळी उठाठेव यंत्रासाठी नाही, पुढे तो कोड वाचणाऱ्या माणसासाठी आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी सहकाऱ्यांसोबत तिच्यासाठी २००१ मध्ये ‘पेप ८’ हा शैलीचा दस्तऐवज तयार केला. त्याच्या मुळाशी त्यांचं एक साधं निरीक्षण आहे: कोड लिहिला जातो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा वाचला जातो.

दिवाळी अंकाचं उदाहरण घ्या. एका अंकात तीस लेखक असतात आणि प्रत्येकाची ऱ्हस्व-दीर्घाची सवय निराळी. मुद्रितशोधक सगळं एका नियमात बसवतो. त्यामुळे कुणाची भाषा सपाट होत नाही, विनोदी लेखक विनोदीच राहतो. फक्त वाचताना डोळा वेलांटीवर अडखळत नाही. कोडच्या बाबतीतही अपेक्षा एवढीच आहे. पण कोडमध्ये आणखी एक गोष्ट असते जी अंकात नसते, आणि माझ्या मते एकसारख्या शैलीचं सगळ्यात मोठं कारण तीच आहे. ती म्हणजे डिफ.

मोठ्या प्रकल्पात सबंध फाइल सहसा कुणी वाचत नाही. वाचतात ते काय बदललं ते. तुम्ही पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवला की तपासणाऱ्याच्या पडद्यावर जुनी ओळ वजा चिन्हासह आणि नवी ओळ अधिक चिन्हासह येते. यालाच डिफ म्हणतात. दोन ओळी बदलल्या असतील तर दोनच दिसायला हव्यात. आता समजा, फाइलमध्ये सगळीकडे टॅब आहेत आणि तुमच्या एडिटरनं फाइल सेव्ह करताना टॅबच्या जागी स्पेस टाकल्या. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. डिफमध्ये मात्र सहाशे ओळी गेल्या आणि सहाशे आल्या असं दिसतं. खरा बदल त्या ढिगात कुठेतरी दोन ओळींचा आहे. तपासणारा एकतर पॅच परत पाठवतो किंवा, आणि हे जास्त धोक्याचं, वरवर नजर फिरवून ‘ठीक आहे’ म्हणतो. त्या ढिगात चूक दडलेली असली तर ती अशीच आत जाते.

पुढचा त्रास आणखी उशिरा कळतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनात ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटची कुणी आणि कोणत्या बदलात लिहिली, ते ती दाखवते. नाव कठोर आहे, पण उपयोग आरोपासाठी नसतो. सहा वर्षांपूर्वीची एखादी विचित्र अट कोणत्या कारणानं आली हे शोधायला तिच्यासारखं दुसरं साधन नाही. टॅबच्या जागी स्पेस टाकणारा तो पॅच आत गेला की सहाशे ओळींवर त्याच एका माणसाचं नाव लागतं. खरा इतिहास एक थर खाली जातो.

आणि कर्नलसारख्या प्रकल्पात तिसरा हिशोबही असतो. तिथे जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या जातात. नव्या आवृत्तीतली सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीवर बसवावी लागते. मधल्या काळात कुणी निव्वळ सजावटीसाठी आजूबाजूच्या ओळी हलवल्या असतील, तर दुरुस्ती नीट बसत नाही. मग कुणीतरी हातानं ती बसवत राहतं, आणि हातानं बसवताना नवी चूक घुसू शकते.

कर्नलचा शैलीचा दस्तऐवज लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांच्या आवाजातला आहे. सुरुवातीलाच ते म्हणतात, की कोडची शैली ही फार वैयक्तिक बाब आहे, माझी मतं मी कुणावर लादणार नाही, पण जो कोड मला सांभाळावा लागणार आहे त्यासाठी मात्र हेच चालेल. मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. ‘हेच जगात सर्वोत्तम’ असा दावा त्यात नाही. ‘या घरात असं चालतं’ एवढंच आहे. नियम रुजवायचे तर भूमिका अशीच हवी, कारण सर्वोत्तम काय यावर वाद घालायला बसलं तर तो कधीच मिटत नाही.

या दस्तऐवजाची मला आवडणारी दुसरी गोष्ट म्हणजे बहुतेक नियमांपुढे त्याचं कारण दिलेलं आहे. टॅब आठ अक्षरं रुंद, म्हणून इंडेंटेशनही आठ अक्षरांचं. का? तर वीस तास सलग पडद्याकडे बघितल्यावरही कोणता भाग कोणाच्या पोटात आहे ते स्पष्ट दिसावं म्हणून. आठ-आठनं आत गेलं तर ओळ उजवीकडे पळते, अशी तक्रार कुणी केली तर त्याचंही उत्तर तयार आहे: तीनपेक्षा जास्त पातळ्या आत जावं लागत असेल तर गडबड इंडेंटेशनमध्ये नाही, तुमच्या प्रोग्राममध्ये आहे, तो आधी दुरुस्त करा. म्हणजे दिसायला हा मोकळ्या जागेचा नियम, पण तो फंक्शन लहान ठेवायला भाग पाडतो.

ओळीच्या लांबीचा नियम तर थोडा जवळून बघण्यासारखा आहे. ओळ ८० अक्षरांत बसवावी, असं कर्नलचा दस्तऐवज सांगतो. ८० हा आकडा फार जुना. आयबीएमनं १९२८ मध्ये आणलेल्या पंच कार्डावर ८० रकाने होते, पुढे टर्मिनलचे पडदेही ८० अक्षरांचे आले आणि आकडा टिकून राहिला. पण याच नियमात एक ठळक अपवाद आहे: वापरकर्त्याला दिसणारा संदेश कितीही लांब झाला तरी तो दोन ओळींत तोडायचा नाही.

हे कशासाठी, ते कामाच्या वेळी कळतं. समजा, कुणाचा सर्व्हर अडकला आणि लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, कर्नलचा एक लांबलचक संदेश उमटला. तो संदेश कोडमध्ये नेमका कुठून आला हे शोधायला माणूस काय करतो? संदेशातले चार शब्द उचलतो आणि ‘ग्रेप’ ही शोधाची आज्ञा सबंध कोडवर चालवतो. ग्रेप ओळीओळीनं शोधतं. कुणी ८० चा नियम पाळायला तोच संदेश मधोमध तोडून खालच्या ओळीवर नेला असेल, तर ते चार शब्द एका ओळीत सापडतच नाहीत आणि ग्रेप रिकाम्या हातानं परत येतं. दोन नियमांची टक्कर झाली तेव्हा ज्यामुळे माणसाचा शोध सोपा होतो तो जिंकला. नियमाचं कारण माहीत असलं की अपवाद कुठे करायचा तेही कळतं. नुसता आकडा पाठ असलेला माणूस संदेश तोडूनच मोकळा होतो.

२०२० मध्ये याच दिशेनं आणखी एक पाऊल पडलं. लोक ८० च्या धाकानं ओळी अशा तोडत होते की वाचणं उलट अवघड होत होतं. टॉर्वाल्ड्स यांनी यावर स्पष्ट नापसंती दाखवली, आणि तपासणी करणाऱ्या साधनाची इशारा देण्याची मर्यादा ८० वरून १०० वर नेली गेली. दस्तऐवजात ८० ही पसंती अजून आहे, पण १०० च्या आत साधन गप्प बसतं.

हे साधन म्हणजे ‘चेकपॅच’. पर्ल भाषेतली एक स्क्रिप्ट, कर्नलच्या कोडबरोबरच येते. पॅच पाठवण्याआधी तिच्यातून काढायचा. ओळीच्या शेवटी नकोशी स्पेस राहिली, टॅबऐवजी स्पेस पडल्या, कंस चुकीच्या ओळीवर गेला, की ती बोट ठेवते. तिच्या शेऱ्यांचे तीन दर्जे असतात: बहुधा चूकच आहे असे, जपून बघा असे, आणि विचार करा असे. पॅच कसे पाठवावेत याची जी मार्गदर्शिका आहे तिच्यात एक गोष्ट आवर्जून लिहिली आहे: चेकपॅच वाट दाखवण्यासाठी आहे, माणसाच्या विवेकाची जागा घेण्यासाठी नाही, आणि नियम मोडून तुमचा कोड जास्त चांगला दिसत असेल तर तो बहुधा तसाच राहू द्यावा.

नवखी मुलं हमखास अडखळतात ती इथे. चेकपॅच हाती आलं की एखाद्या जुन्या फाइलवर चालवून बघतात, तीनशे इशारे निघतात, आणि वाटतं की चला, पहिलं योगदान सापडलं. पॅच जातो आणि नकार येतो. मन खट्टू होतं. पण नकारामागची कारणं वर येऊन गेली आहेत: ब्लेमचा इतिहास झाकला जातो, जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्ती बसवणं अवघड होतं, त्याच फाइलवर दुसऱ्या कुणाचं काम चालू असेल तर दोघांचे बदल एकमेकांना भिडतात. चेकपॅच नव्या ओळींसाठी आहे, जुन्या ओळी शोधून शोधून झाडायला नाही. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पानं हीच गोष्ट आपला ‘सोनेरी नियम’ म्हणून लिहून ठेवली आहे: आधीच असलेल्या कोडमध्ये भर घालत असाल तर तिथे जी शैली आहे तीच वापरा.

तरी शिकायला जागा हवीच. कर्नलमध्ये ती मुद्दाम राखलेली आहे. ‘स्टेजिंग’ नावाच्या फोल्डरमध्ये असे ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारे प्रोग्राम) असतात जे अजून कर्नलच्या दर्जाला पोचलेले नाहीत. ग्रेग क्रोआ-हार्टमन ते सांभाळतात. तिथे शैलीच्या सफाईचे पॅच चालतात, आणि नवख्यांना मुक्त सॉफ्टवेअरच्या कामात आणणाऱ्या आउटरीचीसारख्या उपक्रमातून येणाऱ्यांना पहिला पॅच बहुतेकदा तिथेच करायला सांगतात. इथे सफाई हा बहाणा असतो. खरं शिकायचं असतं ते पॅच कसा लिहायचा, कुणाला पाठवायचा, सूचना आल्यावर दुसरी आवृत्ती कशी द्यायची. पुण्या-मुंबईच्या किंवा सांगली-नागपूरच्या कॉलेजातल्या ज्या मुलांना कर्नलमध्ये शिरायचं आहे त्यांनी या दारानं जावं, असं मी मनापासून सांगेन.

शैली म्हणजे नुसती टापटीप, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ॲपलचं २०१४ सालचं प्रकरण आहे. आयफोन आणि मॅक सुरक्षित वेबसाइटशी जोडले जाताना समोरचा सर्व्हर खरा आहे का हे त्याची डिजिटल सही तपासून ठरवतात. त्या तपासणीच्या सी भाषेतल्या फंक्शनमध्ये एकापाठोपाठ एक अटी होत्या: ही पायरी चुकली तर शेवटच्या ‘फेल’ या खुणेपाशी उडी मार, पुढची चुकली तर उडी मार. त्यातल्या एका ठिकाणी उडीची ओळ दोनदा पडली. मराठीत मांडायचं तर कोड असा दिसत होता:

जर (ही पायरी चुकली)
        फेलकडे जा;
        फेलकडे जा;
जर (पुढची पायरी चुकली)
        फेलकडे जा;

दोन्ही ओळी सारख्याच आत सरकलेल्या, म्हणून दोन्ही त्या ‘जर’च्या आहेत असं डोळ्यांना वाटतं. पण महिरपी कंस नसले की सी भाषेत ‘जर’ची सत्ता फक्त लगेचच्या एका विधानावर चालते. दुसरी ओळ कोणत्याही अटीशिवाय, दर वेळी चालत होती. चूक झालेली नसतानाही उडी मारली जाई, खालची खरी सही तपासणारी पायरी कधी गाठलीच जात नसे, आणि तोवर चूक नोंदली गेलेली नसल्यामुळे फंक्शन ‘सगळं ठीक’ असं उत्तर देई. मधे बसलेला कुणीही स्वतःला बँकेचा सर्व्हर म्हणवून घेऊ शकला असता. ॲपलनं फेब्रुवारी २०१४ मध्ये आधी आयफोनसाठी आणि काही दिवसांनी मॅकसाठी दुरुस्ती दिली.

यावरून अनेकांनी ‘कंस नेहमी घाला’ असा धडा काढला. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच विधानासाठी कंस घालू नका, असं खुद्द कर्नलची शैली सांगते, आणि तो प्रकल्प काही बेफिकीर नाही. मला यात निराळंच दिसतं. हा कोड एखाद्या फॉरमॅटरमधून, म्हणजे कोडची मांडणी आपणहून ठरवणाऱ्या प्रोग्राममधून, गेला असता तर ती दुसरी ओळ डावीकडे सरकली असती, कारण फॉरमॅटर डोळ्यांवर विसंबत नाही, भाषेचं व्याकरण वाचतो. डावीकडे एकटी उभी असलेली ‘फेलकडे जा’ ही ओळ कुणाच्याही नजरेत आली असती. पुढे २०१६ मध्ये जीसीसी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत नेमका असाच इशारा आला: इथलं इंडेंटेशन दिशाभूल करणारं आहे. मांडणी आणि अर्थ यांची फारकत झाली की माणूस मांडणीवर विश्वास ठेवतो. म्हणून मांडणी माणसाच्या हाती न ठेवणं बरं.

गो या प्रोग्रामिंग भाषेनं हे पहिल्यापासून ओळखलं. गूगलनं २००९ मध्ये ती जगापुढे ठेवली तेव्हाच तिच्यासोबत ‘गोएफएमटी’ हा फॉरमॅटर दिला. त्याला जवळजवळ काही पर्यायच नाहीत. टॅब की स्पेस, कंस कुठे, असं काही विचारलंच जात नाही. गोच्या निर्मात्यांपैकी एक असलेले रॉब पाइक यांचं यावरचं वचन गोच्या जगात सगळ्यांना पाठ आहे: गोएफएमटीची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोएफएमटी सगळ्यांचं आवडतं आहे. पर्याय काढून टाकले की वादाचा विषयच संपतो, आणि कोणत्याही कंपनीतला गोचा कोड उघडला तरी तो ओळखीचा वाटतो. पुढे पायथनमध्ये ‘ब्लॅक’ आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘प्रेटिअर’ याच विचारानं आले.

इथे फॉरमॅटर आणि लिंटर यांतला फरक लक्षात ठेवावा. फॉरमॅटर फाइल स्वतः बदलतो आणि फक्त मांडणी बघतो. लिंटर बोट दाखवतो: हे व्हेरिएबल कुठेच वापरलेलं नाही, ही तुलना संशयास्पद आहे. दोन्ही लागतात. पण सुरुवात फॉरमॅटरपासून करावी, कारण त्याचं ऐकायला कुणाला कष्ट पडत नाहीत.

नव्या प्रकल्पात हे सोपं आहे. वर्षानुवर्षं जुन्या कोडचं काय? जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कनं, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सांगाड्यानं, ते कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ब्लॅक स्वीकारायचा निर्णय झाल्यावरही त्यांनी घाई केली नाही, ब्लॅक स्थिर होईपर्यंत थांबले. ब्लॅकची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये आली आणि फेब्रुवारीत जँगोचा सगळा कोड एका दमात बदलला गेला. यातली कळीची गोष्ट अशी, की मांडणीचा तो महाकाय बदल वेगळा ठेवला. त्यात एकही खरी दुरुस्ती मिसळली नाही. कारण असा बदल माणूस ओळीओळीनं तपासू शकत नाही. त्याची खात्री एकाच गोष्टीवर टिकते, की हे फक्त यंत्रानं केलं आहे आणि कुणीही तीच आज्ञा चालवली तर तेच मिळेल.

ब्लेमच्या इतिहासाचा प्रश्न तोवर सुटलेला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या गिट २.२३ पासून ब्लेमला सांगता येतं, की अमुक बदलाकडे दुर्लक्ष कर आणि त्याच्या मागचा खरा बदल दाखव. अशा बदलांची यादी एका फाइलमध्ये लिहून ती कोडबरोबरच ठेवतात. जँगोनं तसंच केलं. एकरकमी सफाईला माझा पूर्वी होता तेवढा विरोध आता राहिलेला नाही, तो मुख्यतः या सोयीमुळे. कर्नलचं गणित मात्र अजून वेगळं आहे. जुन्या आवृत्त्यांवर दुरुस्त्या सतत नेणाऱ्या प्रकल्पाला ही यादी पुरत नाही, आणि त्यांनी सावध राहणंच योग्य.

पोस्टग्रेस या डेटाबेसची वाट या दोहोंच्या मधली. त्यांचं ‘पीजीइंडेंट’ हे साधन जुनं आहे. बरीच वर्षं ते वर्षातून एकदा, नव्या आवृत्तीच्या तयारीत, सगळ्या कोडवरून फिरवत. मधल्या काळात मांडणी थोडी थोडी बिघडत जाई आणि मग एकदम झाडलोट. २०२३ पासून त्यांनी पद्धत बदलली. कोड आत घेणाऱ्यानं प्रत्येक वेळी आधी पीजीइंडेंट चालवायचं. रोजचं रोज आवरलं की एकदम काढायचा मोठा ढीग साचत नाही.

यंत्राला जमत नाही ती गोष्ट म्हणजे नावं. कर्नलचा दस्तऐवज इथे दोन टोकं सांगतो. चार ओळींत संपणाऱ्या लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या, मोजणीला ‘आय’ पुरे, तिथे लांबलचक नाव दिलं तर उलट वाचायला त्रास. पण सगळीकडून हाक मारता येईल अशा फंक्शनचं नाव बोलकं हवं. चालू वापरकर्ते मोजणाऱ्या फंक्शनला ‘काउंट_ॲक्टिव्ह_यूझर्स’ म्हणा, ‘सीएनटीयूएसआर’ म्हणू नका. नाव जितक्या दूरवर जाणार तितकं ते स्वतःच्या पायावर उभं राहायला हवं. हे कोणताही फॉरमॅटर ठरवू शकत नाही, कारण त्यासाठी कोड कशासाठी आहे ते माहीत असावं लागतं.

आणि नाव एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही. पायथनचं थ्रेडिंग मॉड्यूल, म्हणजे अनेक कामं एकाच वेळी चालवण्याचा तिचा भाग, जावा भाषेच्या धर्तीवर बनलं, त्यामुळे त्यातली नावंही जावाच्या वळणाची: ‘करंटथ्रेड’, मधला टी कॅपिटल. पेप ८ ला हवं होतं ‘करंट_थ्रेड’. २००८ मध्ये पायथन २.६ बरोबर नवी नावं आली, पण जुनी काढता येईनात, कारण जगभरचे प्रोग्राम ती वापरत होते. जुनी नावं टाळा अशी अधिकृत सूचना आली ती २०२१ मधल्या ३.१० आवृत्तीत. तेरा वर्षं. चुकलेला टॅब एका आज्ञेनं सुधारतो, चुकलेलं नाव दशकभर सांभाळावं लागतं. म्हणून तपासणाऱ्यानं आपलं बळ कुठे खर्च करावं, याचं उत्तर मला तरी उघड दिसतं: मांडणीबद्दल एक शब्दही लिहू नये, ते यंत्रावर सोडावं, आणि वाचलेला सगळा वेळ नावांना आणि कोडच्या रचनेला द्यावा.

माणसांशी बोलण्याचा भाग इथेच येतो. अनोळखी माणसानं हौसेनं पॅच पाठवला आणि तीन दिवसांनी उत्तर आलं, ‘स्टाइल गाइड वाचा.’ यात काय चुकलं ते कळत नाही, बदल बरा आहे की वाईट तेही कळत नाही. त्याऐवजी असं लिहायला किती वेळ लागतो: ‘बदल बरोबर आहे, मला घ्यायचा आहे. चौदाव्या ओळीवर टॅबऐवजी स्पेस आल्या आहेत, चेकपॅच चालवलंत की दिसेल. दुसरी आवृत्ती पाठवाल का?’ पहिलं उत्तर मिळालेला माणूस बहुधा पुन्हा येत नाही. कर्नलमधले काही मेंटेनर, म्हणजे एकेक भाग सांभाळणारे लोक, तर एवढंसं असेल तर पॅच आत घेताना स्वतःच नीट करतात आणि तसं कळवतात. पहिल्या पॅचच्या बाबतीत मला हे सगळ्यात चांगलं वाटतं.

यंत्रानं सांगितलेली चूक झोंबत नाही, हा फॉरमॅटरचा मोठा गुण आहे. तीच गोष्ट ज्येष्ठ माणूस चारचौघांत पाचव्यांदा सांगतो तेव्हा ती जिव्हारी लागते. ज्याची सक्ती नाही पण सुचवावंसं वाटतं, अशा शेऱ्याआधी अनेक प्रकल्पांत ‘निट’ असं लिहितात. म्हणजे किरकोळ, पटलं तर करा. एवढ्या एका शब्दानं नवख्याला कळतं की पॅच यावर अडलेला नाही.

तुमच्या प्रकल्पात हे आणायचं असेल तर शैली स्वतः बनवत बसू नका. भाषेत रूढ असलेली उचला. एडिटरकॉन्फिग नावाची छोटी फाइल कोडमध्ये ठेवा, म्हणजे टॅब की स्पेस आणि किती रुंद, हे बहुतेक एडिटर स्वतःच वाचून घेतात, काहींना एखादं प्लगइन लागतं. फॉरमॅटर कमिटच्या, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवण्याच्या, आधी आपोआप चालेल असं करा, आणि तीच तपासणी सर्व्हरवरही ठेवा, कारण स्वतःच्या मशीनवर ती चालवायला कुणीतरी विसरणारच. फॉरमॅटरची आवृत्ती नेमकी लिहून ठेवा. क्लँग-फॉरमॅट या सी भाषेच्या फॉरमॅटरच्या दोन आवृत्त्या एकच फाइल थोडी निराळी मांडतात, आणि मग दोघंजण न बोलता एकमेकांचे बदल उलटवत बसतात. ब्लॅकनं याच कारणासाठी वचन दिलं आहे की एका कॅलेंडर वर्षात आपली स्थिर शैली बदलणार नाही.

जुन्या कोडची एकरकमी सफाई करायची तर मोठी आवृत्ती नुकतीच बाहेर पडली आहे आणि अडकून पडलेले पॅच कमीत कमी आहेत, असा दिवस निवडा. ज्यांचे पॅच अडकले आहेत त्यांना आधी कळवा आणि तीच आज्ञा त्यांच्या शाखेवर, म्हणजे कोडच्या त्यांच्या वेगळ्या प्रतीवर, कशी चालवायची ते लिहून द्या. हातानं रकान्यांत नीट मांडलेले तक्ते किंवा मॅट्रिक्स असतील तर तेवढ्या भागापुरता फॉरमॅटर बंद ठेवायची खूण जवळपास प्रत्येक साधनात असते, ती वापरा आणि शेजारी कारण लिहा. दुसऱ्या प्रकल्पातून जसाच्या तसा आणलेला कोड मात्र या सगळ्यातून वगळा. त्या फोल्डरचं नाव वगळायच्या यादीत पहिल्याच दिवशी टाका. नाहीतर त्या प्रकल्पाची पुढची आवृत्ती आणायची वेळ येईल तेव्हा त्यांनी काय बदललं आणि तुमच्या फॉरमॅटरनं काय बदललं, हे वेगळं करता येणार नाही.